थार घेऊन जैसलमेरच्या वाळूत जाताना साठ हजार कशावर खर्च करावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरमध्ये पुण्याहून तीन गाड्या जैसलमेरला निघणार आहेत. तुमची डिझेल ऑटोमॅटिक थार, फोर बाय फोर, १८ इंची चाकांची; सोबत आणखी एक थार आणि एक जिम्नी. चार दिवस वाळूत गाडी चालवायची आहे, हाताशी साठ हजार रुपये आहेत आणि यादीत लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), मड-टेरेन टायर (खोल खाचांचे, चिखलासाठीचे), विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), एलईडी लाइट बार आणि स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) अशी पाच नावं आहेत. यातलं आधी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते या सहलीसाठी यातलं एकही घेऊ नका. यादी वाईट नाही, पण ती चिखलाची यादी आहे. मावळात, मुळशीकडे पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीला ती शोभेल. चिखलात टायरने वरचा गाळ उकरून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचायचं असतं. म्हणून खोल खाचांचे टायर, म्हणून उंची, म्हणून झाडाला बांधायला विंच. वाळूला असा तळच नसतो. उकरत राहिलात की खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. तिथे गाडी वरच्या वर तरंगत ठेवायची असते, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टी दोनच: टायरमधली हवा आणि गाडीचं वजन. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू थोडं का होईना वजन वाढवते, आणि हवेबद्दल त्यात एक शब्द नाही.

आधी हवेचं गणित बघू, कारण पुढची सगळी खरेदी त्यावरून ठरते. दोन माणसं, सामान आणि भरलेली टाकी धरली तर तुमची थार साधारण दोन टनांची होते, म्हणजे प्रत्येक चाकावर ५०० किलो. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात; ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. ५०० किलो पेलायला टायरला सुमारे २२० चौरस सेंटिमीटर जमीन लागते. २० सेंटिमीटर रुंदीचा ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारा खाचांचा भाग, धरला तर हा ठसा ११ सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्धी वीत. हवा १६ पीएसआयवर आणली की तोच ठसा कागदावर दुप्पट होतो, जवळजवळ पूर्ण वीतभर. प्रत्यक्षात साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, कडकपणा थोडा भार उचलतो म्हणून दुप्पट भरत नाही, पण फरक डोळ्यांनी दिसतो. लक्षात घ्या, ठसा मुख्यतः लांबीत वाढतो. हवा कमी केल्यावर टायर रुंद होऊन चालतो हा समज अर्धाच खरा आहे. लांब झालेला ठसा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वाळूवर पसरतो आणि चाकासमोर वाळूची जी उंबरठ्यासारखी चढण तयार होते ती कमी होते. इंजिनची ताकद खाते ती ही चढण.

आकडे विचाराल तर वाळूच्या कडेला १८ पीएसआयवर सुरुवात करा. गाडी कण्हायला लागली, म्हणजे सपाट वाळूतसुद्धा जास्त ॲक्सिलरेटर मागायला लागली, तर १५-१६. रुतलीच तर बाहेर पडण्यापुरतं १२. दहाच्या खाली जाऊ नका. त्या हवेत जोरात वळण घेतलं की टायरची कड रिमवरून निसटते, फटीत वाळू शिरते आणि मग पुढचा तास गेलाच. जिम्नी हलकी आहे, पण तिचे टायर १९५ रुंदीचे आहेत. तिला १४-१५ वर आणलं तरी चालतं. हे आकडे गाडीसोबत आलेल्या साध्या टायरचे. जाड थरांचे (प्लायचे), एलटी म्हणजे लाइट ट्रक शिक्क्याचे टायर बसवलेले असतील तर साइडवॉल लवकर वाकत नाही, त्यांना दोन पीएसआय आणखी कमी लागतात. सामान जास्त असेल तर उलट, दोन जास्त ठेवा. आणि दिवसाच्या वेळेवरही अवलंबून आहे. डिसेंबरच्या सकाळी दव पडलेली वाळू घट्ट असते. तीच टेकडी दुपारी दोन वाजता पिठासारखी भुसभुशीत झालेली असते. सकाळी १८ वर आरामात चढलेल्या जागी दुपारी रुतलात तर गाडीला दोष देऊ नका.

एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हायवेवरून तापून आलेल्या टायरची हवा लगेच कमी केली तर मीटर फसवतो. १० अंशांच्या फरकाला ३२ पीएसआयच्या टायरमध्ये दीड आणि १५ पीएसआयच्या टायरमध्ये साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. दुपारी गरम टायर १५ वर आणून रात्री तिथेच तंबूत झोपलात तर सकाळी १३ दिसतील. त्यामुळे गरम टायरची हवा काढताना एक-दोन जास्त ठेवायची.

आता खरेदी. पहिला आणि सगळ्यात मोठा खर्च कॉम्प्रेसरवर करा. हवा काढणं फुकट आहे, भरणं नाही. वाळूतून बाहेर पडल्यावर सम गावापासून जैसलमेरपर्यंत साधारण ४० किलोमीटर गुळगुळीत डांबरी रस्ता आहे आणि 'शहरात जाऊन पंपावर भरू' असा मोह तिथे सगळ्यांना होतो. १५ पीएसआयवर डांबरावर ८० च्या वेगाने गेलात तर साइडवॉल सतत दुमडून आतून तापतो आणि थर सुटायला लागतात. टायर तिथेच फुटेल असं नाही; परतीच्या वाटेवर, गुजरातच्या एक्स्प्रेसवेवर फुटेल. कमी हवेत कडक जमिनीवर तीस-चाळीसच्या वर जायचं नाही, आणि डांबर लागलं की आधी थांबून हवा भरायची.

कॉम्प्रेसर किती मोठा हवा याचाही हिशेब करता येतो. तुमच्या २५५/६५ आर १८ टायरच्या पोटात ७०-७५ लिटर जागा असते. १५ वरून ३२ वर न्यायला सुमारे ८५ लिटर मोकळी हवा आत ढकलावी लागते, चार टायरांना ३४० लिटर. सिगारेट सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरच्या डब्यावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलेलं असलं तरी टायरमध्ये दाब वाढत गेला की तो निम्म्यावर येतो. म्हणजे एका टायरला पाच मिनिटं, चौघांना वीस, आणि असे कॉम्प्रेसर सलग दहा-पंधरा मिनिटांच्या वर चालवायचे नसतात. तीन गाड्यांना मिळून तास-दीड तास गेला. त्यातून सॉकेटचा फ्यूज १० किंवा १५ ॲम्पियरचा, म्हणजे तिथून मिळणार फार तर १८० वॉट. मोठा कॉम्प्रेसर त्यावर लावलात की फ्यूज गेलाच. म्हणून बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा, ३० ॲम्पियरच्या आसपास ओढणारा, मिनिटाला ७० लिटर किंवा त्याहून जास्त देणारा कॉम्प्रेसर घ्या. तो टायरमागे दोन-अडीच मिनिटं घेतो. चालवताना इंजिन चालू ठेवा. नळी बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत वळणासकट पोचली पाहिजे; थार चार मीटरला जेमतेम कमी आहे, तेव्हा सहा-सात मीटरची नळी हवी. आणि तो वाळूवर ठेवू नका, खाली पायपुसणं टाका. स्वतःच्याच तोंडाने वाळू ओढून घेतलेले कॉम्प्रेसर दुरुस्तीला येतात तेव्हा आतला सिलिंडर खरवडून निघालेला असतो. तिघांत मिळून एक मोठा आणि एक छोटा, एवढं पुरे. प्रत्येकाने मोठा घ्यायची गरज नाही.

हवा काढायला डिफ्लेटर घ्या, जो व्हॉल्व्हचा कोर, म्हणजे हवा अडवणारी आतली पिन, आटे फिरवून बाहेर ओढतो आणि ज्यावर मीटर असतं. काडीने पिन दाबत बसलात तर एका टायरला चार-पाच मिनिटं जातात, डिफ्लेटरने मिनिटाच्या आत काम होतं. मीटर मात्र ० ते ६० पीएसआयचा असू द्या. ट्रकवाल्यांचा १५० पर्यंतचा मीटर १५ च्या जागी नीट दाखवत नाही, आणि आपल्याला फरक कळायला हवा तो १४ आणि १६ मधला.

दुसरी वस्तू फावडं. हसू नका. बहुतेक वेळा रुतलेली गाडी फावड्यानेच निघते, दोराची पाळी येतच नाही. घडीचं, हिरव्या पिशवीतलं छोटं फावडं घेऊ नका. त्याचा दांडा इतका आखूड की गाडीखाली हात पोचत नाही. मार्केट यार्डात किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, सरळ पात्याचं, लांब लाकडी दांड्याचं घ्या, दांडा गाडीत मावेल एवढा कापून. पातं दांड्याच्या सरळ रेषेत असलेलं हवं. शेतातलं काटकोनात वळलेलं फावडं वाळू ओढायला छान, पण पोटाखालची वाळू काढताना ते चेसिसला आपटतं.

तिसरी वस्तू सँड ट्रॅक, म्हणजे टायरखाली सरकवायच्या दातेरी प्लॅस्टिकच्या पट्ट्या. तीन गाड्यांत एक जोडी असलीच पाहिजे, दोन जोड्या असल्या तर उत्तम. त्या खराब होतात एकाच कारणाने: पट्टी टायरसमोर नुसती ठेवून ॲक्सिलरेटर दाबला जातो, चाक जागेवर फिरतं आणि घर्षणाच्या उष्णतेने दाते वितळून गुळगुळीत होतात. आधी चाकासमोरची वाळू काढून उतार करायचा, पट्टी टायरखाली घुसेल तेवढी घुसवायची, पायाने दाबायची, आणि गाडी फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून चढवायची. चाक एक फेरी जरी पट्टीवर घसरलं तर थांबून पुन्हा खणा. पट्टीला चमकदार रंगाची दोन मीटरची दोरी बांधून ठेवा. गाडी निघून जाते आणि पट्टी वाळूत फूटभर खाली गाडली जाते, ती शोधण्यात मग अर्धा तास जातो. जुनी गोणपाटं, गालिचे वगैरे ओल्या मैदानावर ठीक आहेत. कोरड्या वाळूत टायर ते मागे भिरकावतो, आणि गोणपाट एकदा प्रॉपेलर शाफ्टला गुंडाळलं गेलं की सुरीने कापून काढावं लागतं.

चौथी वस्तू दोर, आणि इथे जरा सावकाश वाचा, कारण माणसं जखमी होतात ती याच ठिकाणी. तुम्हाला हवा तो कायनेटिक रोप: नायलॉनचा, ताणला की ३० टक्क्यांच्या आसपास लांबणारा, ९ मीटरचा. खेचणारी गाडी थोडी पुढे जाते, दोर रबरासारखा ताणतो आणि ती साठलेली ताकद रुतलेल्या गाडीला हळूहळू उपसते. बाजारात पिवळी पट्टी किंवा तारेचा दोर मिळतो, तो बंद पडलेली गाडी रस्त्यावरून ओढत न्यायला असतो. त्याने झटका दिला तर सगळा धक्का हुकवर येतो आणि हूक तुटतो. दोराची तुटण्याची क्षमता अडकलेल्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या तीन-चार पट असावी. तुमच्यासाठी ८ टनांच्या आसपासचा बरोबर. फार जाड घेऊ नका. जाड दोर दोन टनांच्या गाडीने ताणलाच जात नाही, मग तो कायनेटिक असून उपयोग काय? जिम्नीने थारला ओढायची वेळ आली तर हाच दोर कामाला येतो. हलकी गाडी नुसत्या ताकदीने जड गाडी ओढू शकत नाही. तिला दोराच्या ताणाची मदत लागते.

दोर आणि हूक जोडायला दोन बो शॅकल, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कड्या, ४.७५ टनांचे, म्हणजे १९ मिलिमीटरचे. किंवा डायनीमा या मजबूत धाग्याच्या दोरीचे सॉफ्ट शॅकल. दोरावरचा आकडा तुटण्याचा असतो, लोखंडी शॅकलवरचा सुरक्षित कामाचा. दोन्ही शेजारी ठेवून '८ टनांच्या दोराला पावणेपाच टनांचा शॅकल कसा चालेल' असं घाबरू नका. ज्या शॅकलवर आकडाच कोरलेला नाही तो मात्र घ्यायचा नाही, दुकानदार काहीही सांगो. पिन पूर्ण आवळून पाव फेरी मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती सुटत नाही.

आणि हे दोराहून महत्त्वाचं: तो अडकवणार कुठे? निघण्याआधी तिन्ही गाड्यांच्या पुढे-मागे खाली वाकून बघा. चेसिसला बोल्टने बसवलेला, रेटेड हूकच चालेल. बंपरमध्ये आटे फिरवून बसवायचा जो गोल हूक टूलकिटमध्ये येतो, तो गाडी ट्रकवर चढवायला असतो. आणि ट्रेलर ओढायचा जो गोळा मागे लावलेला असतो, त्याला दोर कधीही, कुठल्याही कारणाने लावायचा नाही. तो तुटून सुटला की मागच्या गाडीची काच फोडून आत जातो. जगभरात यात माणसं दगावली आहेत. दोन दोर लोखंडी शॅकलने एकमेकांना जोडायचे नाहीत, कारण एक तुटला की तोच शॅकल गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. ओढताना दोरावर मध्यभागी जाड घोंगडी टाका, आणि चालक सोडून सगळ्यांनी दोराच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभं राहायचं. पहिला झटका हलका, मीटरभर सैल ठेवून. तीन प्रयत्नांत निघाली नाही तर जोर वाढवू नका, पुन्हा फावडं घ्या.

पाचवी वस्तू जॅकखालची फळी. टूलकिटमधला जॅक वाळूत उभा केला की गाडी वर जात नाही, जॅक खाली जातो. सुताराकडून १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचा फूट बाय सव्वा फूट तुकडा कापून घ्या. याच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू या यादीत दुसरी नाही. टायर रिमवरून निसटला तरी ही फळी, जॅक आणि रॅचेटचा पट्टा लागतो: चाक उचलायचं, कडेची वाळू ओल्या फडक्याने पुसायची, पट्टा ट्रेडभोवती आवळायचा म्हणजे कडा रिमकडे ढकलल्या जातात, आणि कोर काढून मोठ्या कॉम्प्रेसरने हवा भरायची. टप टप असे दोन आवाज आले की टायर बसला. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ बघितले असतील, ते बघण्यापुरतेच ठेवा.

एवढं सगळं तिघांत वाटून घेतलंत तर साठ हजारांत बसून डिझेलला पैसे उरतील. उंच हाय-लिफ्ट जॅक घेऊ नका. आजच्या प्लॅस्टिक बंपरच्या गाडीला तो लावायला जागा नसते, आणि त्याचा दांडा सुटला तर जबडा मोडतो.

आता तुमच्या यादीकडे वळू. मड-टेरेन टायरच्या खोल खाचा वाळूत चमच्यासारखं काम करतात, खणत सुटतात. तुमचे आत्ताचे टायर वाळूला जास्त बरे. बदलायचंच असेल तर टायर नको, चाक बदला: १६ इंची रिम आणि उंच साइडवॉल, कारण साइडवॉल जितका उंच तितका ठसा लांबतो. पण एका सहलीसाठी तो खर्च करू नये. विंचचं नाकावर चाळीसेक किलो वजन येतं, उतरताना नाक आधीच रुततं, आणि धोऱ्यांवर, म्हणजे तिकडच्या वाळूच्या टेकड्यांवर, बांधायला झाड कुठे असतं? स्टेपनी पुरून तिला दोर बांधता येतो, पण तीन गाड्या सोबत असताना हा उपद्व्याप करायची गरज नाही. विंचसोबत बुल बार खपवतील तर लक्षात असू द्या, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यांवर कारवाई करायला सांगितलेलं आहे. लिफ्ट किटने गुरुत्वमध्य वर जातो, आणि टेकडीच्या अंगावर आडवी झालेली गाडी लोळते ती याच कारणाने. लाइट बार रात्रीसाठी. आणि रात्री टेकड्यांवर जायचंच नाही. दिव्याच्या उजेडात वाळूवर सावली पडत नाही, कड्यापलीकडचा उतार दिसत नाही.

स्नॉर्कलऐवजी एअर फिल्टर. रोज संध्याकाळी तो काढून हलकेच आपटून झटका. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारू नका, कागदाला भोकं पडतात. एक नवा फिल्टर सोबत ठेवा. कापडी, तेल लावायचे 'परफॉर्मन्स' फिल्टर बसवले असतील तर जाण्याआधी मूळ कागदी फिल्टर परत बसवा. बारीक वाळूत त्याला तोड नाही. रेडिएटरची जाळी दर थांब्याला बघा. तिकडे भुरट नावाचं काटेरी गवत असतं, त्याची बोंडं कपड्यांना चिकटतात तशी जाळीतही अडकतात. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. बीएस ६ डिझेलचा फिल्टर स्वतःची काजळी जाळत असताना एक्झॉस्ट भयंकर तापतो आणि पोटाखालचं गवत पेटू शकतं. एबीसी पावडरचा दोन किलोचा अग्निशामक चालकाच्या हाताशी हवा, सामानाखाली नको.

ऑटोमॅटिक आहे म्हणून सांगतो: चढाला किंवा सावकाश वाळू तुडवताना फोर-लो वापरा. फोर-हाय मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड) घसरत राहतो आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून ताकद कापणारी यंत्रणा, बंद करा, नाहीतर चाक जरा फिरलं की संगणक नेमकी हवी तेव्हाच ताकद काढून घेतो. फोर-लो मध्ये पुष्कळ गाड्यांत तो आपोआप बंद होतो, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. मागच्या दोन चाकांना एकत्र फिरवणारा मेकॅनिकल लॉकर असेल तर तो दोन चाकांच्या वेगात शंभरेक आरपीएमचा फरक पडल्यावर लॉक होतो, म्हणजे एक चाक थोडं फिरल्यावरच. त्या अर्ध्या सेकंदाला घाबरून पाय काढू नका. पण लॉक होऊनही गाडी पुढे सरकत नसेल तर मात्र लगेच पाय काढा. वाळूत गाडी अडकवतो तो पहिला सेकंद नाही, पुढचे पाच. थांबा, आपल्याच चाकोरीतून मागे या. ती वाळू दाबली गेलेली असते. थांबताना ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, ब्रेकने चाकांसमोर ढीग होतो. शक्यतो नाक उताराकडे ठेवून उभी करा. टेकडी सरळ चढा, सरळ उतरा, आडवे जाऊ नका. वाऱ्याच्या आडोशाची बाजू तीस अंशांपेक्षा जास्त तीव्र असते. मागे घेण्याआधी मागचे मडफ्लॅप वर बांधा, ते टायरखाली येऊन उपटतात. पुढची नंबर प्लेटही बघा. नाक वाळूत घुसलं की ती निघते, आणि हाय सिक्युरिटी प्लेट परत मिळवायला खेटे घालावे लागतात.

वजन: छतावर काही नको, रॅक असेल तर तोही काढा. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर आणि गाडीमागे दहा लिटर जास्तीचं, सगळं खाली, मागच्या ॲक्सलच्या पुढे, पट्ट्याने बांधून. सुटा जॅक गाडी आपटल्यावर डोक्यापर्यंत येतो. वाळूत डिझेल रस्त्याच्या दुप्पट-तिप्पट जातं, तेव्हा रोज सकाळी टाकी भरूनच आत शिरा. स्टेपनीत पाचेक पीएसआय हवा जास्त ठेवा. कमी करता येते, वाढवायला कॉम्प्रेसर लागतो. हवा कमी केल्याने साइडवॉल बाहेर फुगलेला असतो, त्यामुळे खींप आणि फोग या तिकडच्या झुडपांची वाळकी खुंटं चुकवा. ट्रेडमधलं भोक पंक्चर किटने बुजतं, साइडवॉलचं नाही.

प्रत्येक गाडीच्या मागे आठ-दहा फुटी काठीला लाल-केशरी झेंडा लावा. काठी बांबूची चालेल. कड्याच्या पलीकडे गाडी आहे हे कळायला दुसरा उपाय नाही, आणि वाळूतले जबर अपघात दोन गाड्या एकाच कड्यावर समोरासमोर आल्याने होतात. बोलायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचे परवाना न लागणारे वॉकीटॉकी पुरतात. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर परवानगीशिवाय भारतात चालत नाही, सीमेजवळ तर अजिबात नाही. दुबईतले मित्र तिथला संच देऊ करतील, नको म्हणा. सीमेच्या बाजूला काही पट्ट्यांत जायला परवानगी लागते, ती जैसलमेरच्या प्रशासनाकडे विचारून घ्या. सम आणि खुडीच्या आसपास डेझर्ट नॅशनल पार्क आहे, ३,१६२ चौरस किलोमीटर. तिथे राहतो तो गोडावण, म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याची वाट बघावी लागते तो आपला माळढोक. त्याच्या हद्दीत मनाला येईल तिथे गाडी घालायची नाही. स्थानिक वाटाड्या घ्या, तो तुम्हाला कोणती टेकडी मोकळी आहे ते सांगेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की जाण्याआधी हरिहरेश्वर किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर सराव करावा का. नको. भरती-ओहोटीतली वाळू हा वेगळा प्रकार आहे: प्रत्येक लाट टायरखालची वाळू धुऊन नेते, आणि रुतलेल्या गाडीला फार तर सहा तास मिळतात. खारं पाणी ब्रेक आणि वायरिंगमध्ये शिरतं ते वेगळंच. बऱ्याच किनाऱ्यांवर बंदी आहे, गोव्यात तर आहेच, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात कासवांची अंडी असतात.

सराव करायचाच तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, निघण्याच्या दोन आठवडे आधी. चारही टायर १६ वर आणा, नवा कॉम्प्रेसर लावून ३२ वर न्या, घड्याळ लावून. चिमटे बॅटरीला पोचतात का, नळी मागच्या चाकापर्यंत जाते का, कॉम्प्रेसर मध्येच तापून बंद पडतो का, हे घरी कळलं तर दुकानात परत देता येतं. जॅक फळीवर ठेवून मागचं चाक एकदा उचला, स्टेपनीचे नट पान्याने सुटतात का बघा; गॅरेजमध्ये मशिनने आवळलेले नट हाताने हलत नाहीत. आणि व्हॉल्व्हचे कोर चार-सहा जास्तीचे घेऊन ठेवा. पार्किंगच्या फरशीवर हातातून सुटलेला कोर सापडतो.